दूध उतू गेलं त्या सकाळी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याचं कधी वाईटही वाटलं नाही. माझ्यामुळे कामं होतात, असं मी ठणकावून सांगायची. वहिनीच्या पायांचं जे झालं तेही माझ्यामुळेच झालं, हे मात्र मी अजून कुणापाशी बोललेले नाही.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. येलहंक्याला राहतो. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि वर्षभर खपून तिचं चालतं घर केलं. मागे पलंग, मधे इवलीशी मोरी, पुढे ओटा आणि शेगडी. हा सगळा उपद्व्याप वहिनीसाठी होता. तिचे गुडघे गेलेले. परक्या ठिकाणचे जिने आणि संडास झेपत नाहीत म्हणून कित्येक वर्षं ती गावाबाहेर पडली नव्हती. एकदा समुद्र बघायचा, एवढंच तिचं मागणं. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची आणि दसऱ्याला निघायचं, असं ठरलं. मी चार दिवस आधीच माझ्या घरून, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या जयनगरहून, मदतीला जाऊन राहिले.

गाडी सजली, पण गॅस काही नीट येईना. सिलिंडर मागे, बाहेरून उघडणाऱ्या लोखंडी पेटीत होता. तिथून तांब्याची नळी पलंगाखालून ओट्यापर्यंत आणलेली. शेगडी पेटवली की ज्योत भसकन यायची आणि मिनिटभरात बसायची. अण्णाने सिलिंडर बदलला. बर्नरची भोकं सुईने साफ केली, रबरी वायसर नवा घातला. घरोघरी करतात तसं सिलिंडरवर गरम पाणीही ओतून पाहिलं. ज्योत आपली करंगळीच्या पेराएवढीच.

शेवटी त्याने ओळखीच्या गॅस मेकॅनिकला बोलावलं. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्या मधे अण्णाने एक सेफ्टीचं यंत्र बसवलं होतं, वाटीएवढं, वर काटा असलेलं. मेकॅनिकने आधी तेच पाहिलं. "गॅस एकदम जोरात धावला की हे दाबून धरतं," तो म्हणाला. "बटण हळू फिरवा अक्का, स्वल्प स्वल्प." मी हळू फिरवलं. काही फरक नाही. तेव्हा तो नळीवरून हात फिरवत पलंगापर्यंत गेला.

"यंत्र बरोबर आहे," तो म्हणाला. "पुढे कुठेतरी गॅस गळतोय, म्हणून ते उघडत नाही. पलंग काढा. साबणाचं पाणी लावून बघू."

पलंग अण्णाने फळ्या स्क्रूंनी आवळून पक्का केला होता. तो काढायचा म्हणजे अख्खा दिवस जाणार. मेकॅनिकलाही घाई होती, सणानंतर येतो म्हणाला. जाताना मात्र पायरीवर थांबला. "तोवर शेगडी पेटवू नका. यंत्राला तर हातच लावू नका. हा गॅस वर जात नाही, खाली बसून राहतो." अण्णाने निमूट मान डोलावली. मी मनात म्हटलं, यांचं नेहमीचंच, काम टाळायचं आणि वर भीती घालायची.

आता नवं घर म्हटलं की पहिलं दूध त्याच घराच्या चुलीवर उतू जायला हवं. आमच्याकडे ही रीत आहे, शेजारच्या कन्नड घरांतही आहे. अण्णा म्हणाला, दूध घरात उकळून आणू. मी त्याला धारेवर धरलं. "उसनं दूध उतू घालवतात का कुठे? वाटीभर तर दूध आहे. मंद ज्योतीवर तापवलं तर काय होणार आहे?" वहिनी हळूच म्हणाली, "होऊ दे ना हो." तिचं तोंड बघून अण्णा कबूल झाला.

नवमीच्या सकाळी वहिनी रेशमी साडी नेसून पलंगावर बसली, पाय खाली सोडून, शेगडीकडे तोंड करून. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. ओट्यावर धूप लावला. बाहेर अण्णा चाकांखाली लिंबं ठेवत होता, चार शेजारी पूजेसाठी जमले होते. मुहूर्त सरत आला तरी दूध नुसतं वाफाळत राहिलं. त्याच्यावर साय धरली, पण उतू जायचं नाव नाही.

"काहीतरी वास येतोय का गं?" वहिनीने विचारलं.

"धुपाचा आहे," मी म्हटलं.

माझं डोकं सणकलं होतं. "अण्णाला सांगते बघायला," असं वहिनीला म्हणून मी बाहेर पडले, दार ओढून घेतलं आणि सरळ मागच्या पेटीपाशी गेले. घरचा सिलिंडर शंभरदा बदललेला हात माझा. ते यंत्र काढलं आणि रेग्युलेटर थेट सिलिंडरवर बसवला. वळून बघते तर अण्णा मागे उभा.

"काढू नकोस गं ते," तो हळू आवाजात म्हणाला.

"मुहूर्त टळतोय अण्णा. वहिनी तासभर ताटकळलीय. सरी, ठीक झालं आता, तू पूजेचं बघ."

चारचौघांत माझ्याशी वाद घालणं त्याला कधीच जमलं नाही. माझ्या हातातलं यंत्र घेऊन त्याने खिशात टाकलं.

आत येऊन मी पुन्हा शेगडी पेटवली, तर ज्योत अशी फुलली की बघत राहावं. पाच मिनिटांत दूध उतू गेलं. वहिनीचे डोळे भरून आले, तिने बसल्या जागीच हात जोडले. त्याच धगीवर मी नैवेद्याचा शिराही केला. स्वतःवर काय खूश होते मी. शेगडी बंद केली, ताट घेऊन खाली उतरले आणि अण्णाशेजारी जाऊन उभी राहिले. रेग्युलेटर चालूच होता.

चाकांची पूजा झाली, कोहळा फुटला. मग अण्णाने ताटात कापूर पेटवला आणि गाडीच्या उंबऱ्याला ओवाळायला तो पायरीशी वाकला.

आवाज फार मोठा नव्हता. भप्प, इतकाच. एक निळी पिवळी आग जमिनीलगत दारातून पलंगाखाली धावत गेली. वहिनी ओरडली नाही. तिने पाय वर घ्यायचा प्रयत्न केला आणि गुडघे वळेनात, ते मी पाहिलं. अण्णा तसाच आत घुसला. मी धावत जाऊन रेग्युलेटर बंद केला. त्या दिवशी शहाणपणाचं म्हणावं असं मी तेवढंच केलं.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी वहिनी नीट बोलायला लागली. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत बांधलेले. अण्णाच्या हातांनाही बँडेज.

"ते यंत्र काढलेलं होतं म्हणतात. त्याला हात लावू नका म्हणून मेकॅनिक सांगून गेला होता ना?" तिने विचारलं. "मग कुणी काढलं ते?"

मी पेल्यात मोसंबीचा रस ओतत होते. मी ओततच राहिले. अण्णाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी," तो म्हणाला.

बोलायला मला तेव्हा वेळ होता. नंतरही होता, रोज होता. एवढं फटकळ तोंड माझं, पण तिथेच उघडत नाही. भित्री आहे मी, दुसरं काही नाही. वहिनी आता वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालते. अण्णाशी कामापुरतं बोलते, जेवायला वाढलंय, औषध संपलंय, इतकंच. मी दर आठवड्याला येलहंक्याला जाते आणि तिच्या पायांना मलम लावते.

परवा मलम लावताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "यांचा मला आता भरवसा वाटत नाही गं. तू आहेस म्हणून बरं आहे."

अण्णा दारातच उभा होता. मी खाली मान घालून दुसऱ्या पायाला मलम लावायला घेतलं.