दर शुक्रवारी मरणारा सर्वर

शाळेनं मला सातवीत हात जोडले. मास्तर म्हणाले, तू जा बाबा, तुझ्या नादानं बाकीची पोरं पण येडी होतील. तवापासून मी दिलसुखनगरला भांड्यांच्या दुकानाच्या दाराशी टेबल टाकून बसतो आणि स्टीलच्या भांड्यांवर नावं घालतो. हातात ते किरकिरणारं मशीन असतं, त्याची वायर प्लगात जाते. एवढ्यावर मी स्वतःला विजेच्या कामातला माणूस समजत होतो. ज्याला काही येत नाही त्याला सगळं येतं, हे वाक्य मी कुणाच्या तरी ताटावर कोरून द्यायला पाहिजे होतं. पहिलं माझ्याच.

माझा मेव्हणा, म्हणजे बायकोचा भाऊ, हायटेक सिटीत कंप्युटरच्या कामाला आहे. त्याच्या ऑफिसनं भंगारात काढलेलं एक काळं खोकं त्यानं मला आणून दिलं. म्हणाला, "दाजी, ह्यात तुमच्या सगळ्या जुन्या कॅसेटी भरून ठेवा. घरातल्या टीव्हीवर पाहिजे तेव्हा बघा. ह्याला होम सर्वर म्हणतात."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात येणाऱ्या बायांना सांगायला लागलो, माझ्या घरी सर्वर आहे. बाई आली कुकरवर नाव घालायला, तिला सर्वरशी काय घेणं? पण मी सांगायचो. एक म्हातारी म्हणाली, "औषध घे की मग." मी त्यातही खूश.

कॅसेटी भरायचं खरं कारण आई होती. आईला एकच कॅसेट पाहिजे होती, माझ्या ताईच्या लग्नाची, आणि त्यातलीही एकच जागा, मानपानाची. कारण आमची आत्या, बाबांची बहीण, परभणीला राहते आणि ताईच्या लग्नापासून सगळ्या गोतात सांगत फिरते, "भावाच्या पोरीच्या लग्नातून मला कोरड्या हातानं लावून दिलं. मानाची साडी सुद्धा नाही." आई म्हणते, दिली. मोरपंखी काठाची दिली, ओटी भरून दिली, मी माझ्या हातानं दिली. ह्या भांडणाला साक्षीदार एकच होता, आमचे बाबा, आणि ते वारले. तसे जिवंत असते तरी बायको आणि बहीण यांच्या मधे साक्ष द्यायला उभे राहिले नसते. निवांत पान लावत बसले असते.

आईचे गुडघे गेले आहेत, ती पलंगावरच असते. म्हणायची, "बाकी मला काही नको. त्या वन्संना एकदा दाखवायचंय. मग मी मोकळी."

तर मी जुम्मेरात बाजारातून, म्हणजे गुरुवारच्या भंगार बाजारातून, एक जुना व्हिडिओ प्लेअर आणला. आईच्या खोलीत जुन्या लॅपटॉपला लावला आणि लग्न कॉपी केलं. लॅपटॉप सर्वरजवळ नेऊन त्यात भरलं. परत येऊन बघतो तर प्लेअरनं कॅसेट गिळलेली. मी स्क्रू ड्रायव्हर घालून ओढली, तर आतली पट्टी शेवयांसारखी बाहेर आली. म्हटलं, नक्को टेन्शन, सर्वरमध्ये तर आहे. आणि लॅपटॉपमधली कॉपी लगेच पुसून टाकली. का पुसली? जागा अडत होती म्हणे. त्या लॅपटॉपवर मी कधी दुसरं काही केलं नव्हतं. जागा कुणाला पाहिजे होती?

आता घराची रचना सांगतो, म्हणजे माझी अक्कल नीट दिसेल. अंबरपेठेत आमच्या खोल्या एका ओळीत, प्रत्येकीचं दार पुढच्या पडवीत उघडतं. सर्वर हॉलमध्ये, इंटरनेटच्या डब्ब्याशेजारी. टीव्ही पडवीच्या टोकाला आईच्या खोलीत. मधे दगडी भिंती, त्यामुळं वायफाय मधेच दमून खाली बसतो. मेव्हणा म्हणाला, वायर ओढा. मी वायर आणली, ती कमी पडली. मोजलीच नव्हती, नजरेनं आणली होती, आणि माझी नजर कशी ते माझ्या कोरीव कामावरून गिऱ्हाइकांना माहीत आहे. मग दुसरा तुकडा आणला आणि एक छोटा जोड आणून दोन्ही तुकडे त्यात खुपसले. तो जोड आला बरोबर आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर, चौकटीच्या पायाशी. वरून टेप गुंडाळली आणि आईला म्हणालो, "बघ, कशी फिटिंग केली." आई म्हणाली, "पाय अडकून कुणी पडलं नाही म्हणजे झालं."

पहिल्या दिवसापासून तो सर्वर रडायला लागला. लॅपटॉपमधून बाकीच्या कॅसेटी पाठवायला गेलो, तर ती हिरवी पट्टी अशी सरकायची जशी संध्याकाळची दिलसुखनगरची बस. वर लिहून यायचं, एवढा वेळ राहिला. थोड्या वेळानं बघावं, तर राहिलेला वेळ वाढलेला. टीव्हीवर लग्न लावावं, तर मंगलाष्टकं निम्मी होतात न होतात तोच भटजी तोंड उघडं टाकून थांबायचे आणि पडद्यावर चक्री फिरत बसायची. पुढं पळवलं तर आणखी लवकर मरायचा. मानपानाच्या जागेपर्यंत तो एकदा पण पोचला नाही.

मेव्हण्याला फोन लावला. तो पहिलंच वाक्य बोलला, "दाजी, आधी वायर आणि जोड बघा."

मी फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "एवढा शिकला आणि सांगतो काय, तर वायर बघा. वायर तर मी पण बघतो. हे काय सांगणं झालं?"

"मग बघा ना," बायको म्हणाली.

"वायर मी स्वतः बसवली आहे."

"म्हणूनच म्हणते."

मी नाही बघितली. मी नेटवर व्हिडिओ बघितले. तिथं एकापेक्षा एक शहाणे बसलेत. एक म्हणतो डिस्क बदला, एक म्हणतो सेटिंग बदला, एक निम्मा व्हिडिओ होईपर्यंत नमस्कारच करतो. त्यांचं ऐकून मी जेवढी बटणं सापडली तेवढी दाबली. सर्वर उघडून फुंकर मारली. त्याच्यावर पंखा लावला. घरात माणसांना पंखा नाही आणि खोक्याला वारा. बायको म्हणाली, "अहो, खोकंच उचलून आईंच्या खोलीत नेऊन ठेवा की." मी म्हणालो, "सर्वर हलवत नसतात. देव हलवतो का आपण?" ती म्हणाली, "बरं, मग पेन ड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावा." मी म्हणालो, "घरात सर्वर असताना पेन ड्राइव्ह?" जशी काही मी पालखी सोडून रिक्षात बसणार होतो.

पलंगावरून आई बघायची. तिनं एक गोष्ट धरली होती. म्हणायची, "तुझं हे मशीन शुक्रवारी मरतं. बुधवारपर्यंत जरा जिवात जीव येतो, परत शुक्रवारी मरतं."

माणसानं ह्यावर विचार केला असता. मी काय केलं? मला वाटलं, शुक्रवार आहे, देवीचा वार, काहीतरी राहून जात असेल. मी सर्वरला हळदकुंकू लावलं. वर लिंबू ठेवलं. ते खोकं मारवाड्याच्या दुकानातल्या गल्ल्यासारखं दिसायला लागलं आणि तरी मेलंच.

अशात आत्याचा फोन आला, मी येते, दवाखान्यात डोळे दाखवायचेत, शनिवारी परत जाणार. आईचा चेहरा असा उजळला की मला घाम फुटला. मला म्हणाली, "हे बघ, वन्संचे डोळे अधू व्हायला लागलेत. आत्ता दिसलं तर दिसलं. नंतर दाखवून काय उपयोग?"

गुरुवारी मी आत्याला काचीगुड्याच्या स्टेशनावर उतरवून घेतलं. संध्याकाळी दोघी नणंद-भावजय पलंगावर बसल्या. मी हॉलमधून पळत येऊन लग्न लावलं. वऱ्हाड आलं, बँड आला, भटजींनी तोंड उघडलं. चक्री.

आत्या म्हणाली, "काय गं वहिनी, साडी द्यायची वेळ आली की तुमच्याकडं सगळंच थांबतं का?"

आईनं माझ्याकडं बघितलं. एवढं ताटांवर कोरत बसलो आयुष्यभर, पण असं खोल कधी कोरता आलं नाही मला.

शुक्रवार उजाडला. आता एक गोष्ट सांगायची राहिली. आम्ही मूळचे मराठवाड्याकडचे, पण शेजारच्या तेलुगू अम्मांचं बघून आई फार वर्षांपासून दर शुक्रवारी उंबरे पुजते. उंबऱ्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, धुवायचा, ओली हळद फासायची, वर कुंकवाचे ठिपके. गुडघे गेल्यापासून हे काम माझ्याकडं आलं. बायको म्हणाली होती, मी स्वयंपाक करते, तुम्ही निदान देवाचं तरी करा. आणि मी ते मन लावून करायचो, कारण त्याला शिक्षण लागत नाही.

तर मी आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी उकिडवा बसलो. आत टीव्हीवर आईनं परत लग्न लावायला लावलं होतं, काय सांगावं, सकाळी सकाळी चाललं तर चाललं. आणि चालत होतं. वऱ्हाड दाराशी आलं होतं, बँड वाजत होता. मी तांब्या उचलला, चौकटीच्या कोपऱ्यापासून पाणी ओतलं, हात फिरवला, हळद फासली.

"थांबलं," आई म्हणाली.

"थांबणारच," मी म्हणालो. "शुक्रवार आहे."

आत्या पुढं वाकून बघत होती. म्हणाली, "अरे, तू पाणी ओतलंस तसं थांबलं."

"पाणी इथं, सर्वर तिकडं. काय संबंध?"

"मग ती पिवळी वायर कशाची आहे तुझ्या हाताखाली?"

मी खाली बघितलं. माझा हात जोडावर होता. दर शुक्रवारी मी त्याच्यावर तांब्या ओतत होतो आणि वरून हळद चोपडत होतो, इतकी की टेप, वायर आणि उंबरा सगळा एकच रंग झाला होता. टेप काढली. जोडातून पिवळं पाणी ठिबकलं. आत पितळेच्या बारीक पट्ट्या होत्या, त्यांच्यावर हिरवा थर चढला होता, जसा चिंच न लावलेल्या तांब्यावर चढतो. आणि मी भांड्यांच्या दुकानात बसतो!

शरमेनं नाही, भीतीनं मेव्हण्याला फोन लावला. तो म्हणाला, "त्यात आठ तारा असतात दाजी. दोन-चार मेल्या तरी चालू राहतं, पण लंगडत. पूर्ण भिजलं की थांबतं. मी पहिल्याच दिवशी..."

"हौ हौ, माहीत आहे," म्हणून मी फोन ठेवला. मला माहीत असायची सवय सुटतच नाही.

बायकोनं पर्स उचलली, चौकातल्या दुकानातून एक अखंड, लांब वायर आणली. जाण्याआधी शिलाईच्या टेपनं पडवी मोजून गेली. मी ती वायर दाराच्या वरून, तोरणामागून ओढली. उंबरा मोकळा झाला. दुपारी दोघी परत पलंगावर बसल्या आणि मी बटण दाबलं.

पाण्यासारखं चाललं. म्हणजे, पाण्याचं नाव नको. चांगलं चाललं. भटजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. मिटलेलं ते तोंड आम्ही पहिल्यांदा बघितलं. जेवणं झाली. आईनं पदर सावरला. मानपान आलं. कॅमेऱ्यात ताट दिसलं, ताटात घड्या घातलेल्या साड्या, तरणी आई ताटाकडं हात नेते आहे, आत्या समोर उभी.

आणि पडद्यावर एक डोकं आलं.

माझं. मिसरूड फुटलेलं, तेलानं चपचपीत. कॅमेरा दिसला म्हणून मी मधे येऊन उभा राहिलो होतो, खिशातून कंगवा काढला होता आणि कॅमेऱ्यात बघून भांग पाडत होतो. पूर्ण पडदाभर. मागं काय चाललंय ते कुणाच्या बापाला दिसणार नाही.

मी मनातल्या मनात आईच्या पाया पडलो. एवढे दिवस तो सर्वर थांबत होता ते माझ्यावर उपकारच करत होता.

पण माझ्या डोक्यामागून आवाज येत होते. आईचा आवाज, तरणा: "वन्सं, पदर पुढं करा." मग आत्याचा: "एवढी भारी कशाला गं आणलीस?" मग मी भांग पाडायला मान कलती केली आणि माझ्या कानावरून वीतभर मोरपंखी काठ दिसला.

"मागं घे," आत्या म्हणाली.

घेतलं. परत डोकं, परत आवाज, परत काठ.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा आत्यानं चष्मा काढून पदरानं पुसला. आई तिच्याकडं बघत नव्हती. नुसती गुडघ्यावर हात चोळत बसली.

"नेसले की गं मी ती," आत्या हळू बोलली. "फाटेस्तोवर नेसले. कुणी दिली तेच डोक्यातून गेलं बघ."

आई म्हणाली, "असू दे."

मग आत्यानं पडद्याकडं बोट केलं. "पण ह्याला बघ की वहिनी! लग्न बहिणीचं, आणि हा मेला नवरदेवासारखा विंचरतोय!"

आई फिसकन हसली. "शाळेनं काढलं त्याच साली गं."

"तोंड बघ, तोंड! अरे थांबव, तिथंच थांबव, मला फोटो काढायचाय. परभणीला सगळ्यांना पाठवते."

मी रिमोट उचलला. एवढे दिवस स्वतःहून थांबत होता तो, आता थांबवायचं बटण मला सापडेना. लग्न पुढं पळालं, मी मागं घेतलं, ते परत पुढं पळालं. दोघी माझ्यावर ओरडत होत्या, एकमेकींच्या मांडीवर थापा मारत होत्या. शेवटी बायकोनं माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि एकदाच दाबलं.

पडदाभर मी, केसांत कंगवा.

"हलवू नका गं," आत्या म्हणाली आणि फोन शोधायला लागली.