माइक बंद असताना घेतलेलं नाव

नोकरीचा सगळा काळ मी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात काढला. अंगात येण्याच्या, विहिरीतून आवाज येण्याच्या बातम्या तालुक्यांहून यायच्या आणि मी त्या परत पाठवायचो. दोन माणसं वेगवेगळी भेटून एकच गोष्ट सांगत असतील तर लिहा, असं वार्ताहरांना सांगायचो. बहुतेकदा दुसरा माणूस मिळायचा नाही. आता जे लिहितोय, त्याला दोन माणसं आहेत, तिसरा मी... आणि तरीही मला ते उलगडलेलं नाही.

आधी आमच्या धाराशिवच्या मॅरेथॉनबद्दल. पहिल्या वर्षी सकाळी सकाळी पळणारी माणसं बघून दूधवाले थांबून विचारायचे, "काय झालं वो? कुणाच्या मागं लागलात?" पळणारे म्हणजे काही डॉक्टर, काही शिक्षक आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. आता जिल्ह्यातल्या वाशी, ईट, तामलवाडी, कुठून कुठून माणसं आदल्या दिवशीच मुक्कामाला येतात. साडीचा काष्टा घालून पळणाऱ्या बायका येतात.

आमची एक रीत मात्र पहिल्या वर्षापासून तीच आहे. शर्यतीची शेवटची रेघ ओलांडणाऱ्या प्रत्येकाचं नाव गावासकट माइकवरून घ्यायचं. पहिल्याचं आणि शेवटच्याचं, सारख्याच आवाजात. थकून अर्ध्यातून मागच्या गाडीत बसलेल्याचं नाव नाही. रेघेच्या अलीकडे असलेल्याचंही नाही. हे काम तेव्हापासून माझ्याकडे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

या रीतीमुळे एक गंमत होते. लग्न झालेल्या बायका फॉर्मवर सासरचं गाव लिहितात आणि सुरुवातीच्या आधी हळूच स्टेजपाशी येतात. "साहेब, माहेरचं गाव घ्या बरं का." नवरा शेजारी उभा असला तर – "दोन्ही घ्या."

शेवंताताई वाशीच्या, अंगणवाडीत मदतनीस. माहेर ईट. एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत एका वर्षी लेण्यांकडच्या चढावर त्यांच्या पायात गोळे आले आणि त्या गाडीत बसल्या. त्यांची आई, गोदाबाई, लेकीचं नाव ऐकायला ईटहून आली होती. न ऐकता परत गेली. पुढच्या वर्षी दोघी पुन्हा आल्या. मी सांगतोय तो अनुभव त्या दुसऱ्या वर्षीचा.

बक्षीस समारंभ उरकला होता, पाहुणे गेले होते. मंडपवाल्याला दुसरीकडे लग्नाचं काम होतं, त्याने जनरेटर टेम्पोत चढवला. यायच्या राहिल्या होत्या फक्त शेवंताताई. त्यांच्या मागे सायकलवर रफिक सर – शाळेत शिक्षक, दरवर्षी शेवटच्या माणसासोबत तेच असतात – आणि सरांच्या मागे गाडी. फोन लागत नव्हता. त्या चढावर रेंज नसते.

गोदाबाई काठी टेकत स्टेजपाशी आली.

"जयभीम साहेब. आली का वो?"

"अजून नाही, मावशी."

"मग घ्या की नाव. आधी घेतलं तर काय बिघडतंय?"

"रेघ ओलांडल्याशिवाय घेत नाही. मंत्री असला तरी नाही."

"मंत्री कुठं पळतोय?"

तेवढ्यात वीज गेली. मी माइकवर टिचकी मारून पाहिली. बंद. साउंडवाला वायरी गुंडाळायला लागला.

म्हातारी म्हणाली, "आता तर माइक बी बंद हाय. कुणाला कळतंय? मला एकटीला ऐकू द्या. पुढच्या साली म्या असंन-नसंन."

मी आजूबाजूला पाहिलं. मी म्हणालो, "ईटच्या शेवंताताई..."

"ताई नका म्हणू. तिच्या बापासारखं म्हणा. ईटची शेवंता."

बंद माइक हातात धरून, तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात मी म्हणालो, "ईटची शेवंता."

तिने मान हलवली आणि खुर्चीवर जाऊन बसली.

शेवंताताई लंगडत मैदानात शिरल्या तेव्हा मंडप निम्मा उतरला होता. वीज आलेली नव्हती. चहावाला आणि मंडपाची पोरं टाळ्या वाजवायला लागली. त्यांनी रेघ ओलांडली, मी तोंडानेच नाव घ्यायला पुढे झालो, तर त्या म्हणाल्या, "घेतलं की मघाशी."

"कधी?"

"चढावर बसले होते. पाय उचलंना. गाडीचं दार उघडलं, एक पाय आत ठिवला, आन् भोंग्यातनं तुमचा आवाज आला. ईटची शेवंता. म्हणलं, ह्यांनी तर नाव घेतलं. आता गाडीतनं कसं जायचं? तुमी खोटं पडला असता की."

रफिक सरांना मी पाण्याच्या टाकीपाशी बाजूला घेतलं. काही न सांगता विचारलं, चढावर काय झालं?

"तुम्ही नाव पुकारलंत ना? ताईंनी पाय बाहेर काढला. मला वाटलं, आज साहेबांची चूक झाली. पहिल्यांदाच."

"काय पुकारलं मी?"

"ईटची शेवंता. ताई म्हणाला नाहीत, ते जरा खटकलं."

चढ आणि मैदान यांच्यामध्ये डोंगराची सोंड आहे. पुढे एका रविवारी साउंडवाल्याला सगळे भोंगे पूर्ण आवाजात लावायला सांगून मी स्वतः चढावर जाऊन उभा राहिलो. काहीही ऐकू आलं नाही. त्या दिवशी तर साउंडच्या मशीनमध्ये वीजच नव्हती. यादीत त्यांचं गाव वाशी होतं. ताई न लावता ते नाव घेतलेलं फक्त गोदाबाईला आणि मला माहीत होतं.

गोदाबाईला मी हे सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. "तुमी घेतलं, तिनं ऐकलं. त्यात काय एवढं?"

एवढ्या वर्षांत रेघेच्या आधी मी घेतलेलं ते एकच नाव. ते खोटं पडू नये म्हणून एक बाई गोळे आलेल्या पायांनी तो चढ चढली आणि मैदानापर्यंत चालत आली. हे मला समजतं. आवाज तिथवर कसा गेला, ते आजही समजत नाही.