गळाला मारलेली गजऱ्याची गाठ

आमच्या हिने केलेलं शेवटचं काम म्हणजे माझ्या गळाला पिसाची माशी बांधून दिली. ओढ्याकाठी बसून, दोरा दातात धरून. त्याच आठवड्यात गेली. हृदय.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. शाळा चौथीपर्यंत, जन्म एसटीच्या डेपोत गेला. सून म्हणाली इथल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहा, म्हणून लिहितो.

आम्ही इकडे परदेशात, लिमरिकला पोराकडे आलो, आणि शेजारच्या डेनिसने मला हा नाद लावला. गॅल्टी डोंगरातल्या ओढ्यांत ट्राउट असतो, वीतभर. पिसाची खोटी माशी पाण्यावर टाकायची, मासा धरायचा, परत सोडायचा. ही म्हणायची, "सोडायचाच तर धरता कशाला? त्याला त्रास, मला त्रास."

माझी बोटं जाड, गाठ जमेना. हिने माहेरी मिरजेत देवळाबाहेर गजरे विकलेले. तीच गाठ ती माशीला मारायची... डावखुरी, म्हणून उलट्या अंगाने. डेनिस म्हणाला, "नायलॉनवर ही सुटणार, मिसेस." ही म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी स्वतःची बघ." मी त्याला 'ग्रँड', म्हणजे इकडचं 'छान', एवढंच सांगितलं.

ती गेल्यावर ती गाठ मी तशीच जपली. पण पोरगा मागे लागला — ओढ्यावर जाऊन या, बरं वाटेल. कशाला ऐकलं त्याचं. पहिल्याच फेकीत माशी दगडाखाली अडकली, ओढली तर दोरा गाठीच्या वरच तुटला. गुडघाभर पाण्यात चाचपत बसलो. नाहीच. वैतागून तिलाच म्हटलं, "एवढंच तर ठेवून गेली होतीस."

घरी येऊन गळाची काठी शेडमध्ये ठेवली, कुलूप लावलं, किल्ली माझ्याच खिशात. चहा पिऊन काठी पुसायला गेलो तर दोऱ्याच्या टोकाला माशी. कोरडी. गाठ गजऱ्याची, उलट्या अंगाने.

डेनिसला ती येत नाही. पोराला शर्टाचं बटण लावता येत नाही. सून म्हणाली, "बाबा, तुम्हीच बांधली असेल, दुःखात कळत नाही." म्हटलं, बांधून दाखवतो. संध्याकाळभर बसलो, एक जमली नाही.

उलगडा अजून नाही. नसू दे. माझा राग वेगळाच आहे — शेडपर्यंत आली, घर समोर, चहा उकळत होता, आणि ही बाई गाठ मारून तोंड न दाखवता परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्रीने ती गाठ कापली. काठी स्वयंपाकघरात आणून तिच्या खुर्चीला टेकवली, माशी सुटी करून खुर्चीवर ठेवली. सून म्हणाली, "बाबा, हे इथे कशाला?"

म्हटलं, राहू दे. तिला माशी बांधायची आहे.