करंड्यातलं कुंकू आणि प्रिन्सिपलसरांची डबी

सगळ्या ग्रुप्सचं लिंबू पिळून झालं, तरी कुंकू लालच्या लाल. ते पिवळं व्हायला हवं होतं. आणि शेवटच्या बाकावर आमचे प्रिन्सिपलसर बसले होते.

मी पूर्व दिल्लीतल्या एका शाळेत केमिस्ट्री शिकवते. शुक्रवारचा ग्रुप ॲक्टिव्हिटीचा पीरियड मी भांडून मिळवलेला. सरांना तो रिव्हिजनसाठी हवा होता. "आज देख लेता हूँ, मॅडम. बच्चे कुछ सीखे तो ठीक, नहीं तो सोमवार से रिव्हिजन," असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं.

सुरुवात झकास झाली. हळद हा घरातला इंडिकेटर; म्हणजे समोरचा पदार्थ लिंबासारखा आंबट की साबणासारखा अल्कलाइन, हे रंगावरून सांगणारा. हळदीच्या पाण्यात साबण घातला की लाल, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. पोरं खूश. पण तेवढ्यावर थांबेन तर मी कसली! कुंकू म्हणजे हळद आणि चुना, हे आईकडून ऐकतच मी मोठी झाले. म्हणून मयूर विहारच्या घरून करंडाच उचलून आणला आणि छातीठोकपणे सांगितलं, की आता हेही पिवळं होणार.

"मॅम, नहीं हो रहा," तन्वी म्हणाली. तिच्या ग्रुपने दुसरं लिंबूही संपवलं होतं.

पीरियड गेला, असंच वाटलं. शेवटी मी वर्गालाच विचारलं, "अच्छा, गड़बड़ कहाँ है? आपस में बात करो."

कुजबुज सुरू झाली.

"नींबू ठीक है. हल्दी पर चला था," मागचा ग्रुप म्हणाला.

"फिर इसमें हल्दी है ही नहीं," तन्वी म्हणाली. "मॅम, ये आपने बनाया है या ख़रीदा है?"

विकतचंच होतं, कोपऱ्यावरच्या दुकानातलं. अशा कुंकवात बरेचदा नुसता रंग असतो, हे मला ठाऊक होतं. पण आपल्याच करंड्यावर कोण शंका घेतं?

"तो असली बनाते हैं," मुलं म्हणाली. हळद होती, चुना नव्हता. लॅबच्या कपाटात होता, पण किल्ली असिस्टंटकडे आणि तो रजेवर.

शेवटच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. सरांनी कोटाच्या खिशातून चुन्याची डबी काढली. सर मूळचे बनारसचे. शाळेत पान खायचं नाही, हा नियम त्यांचाच. मुलं शहाणी, कोणी मोठ्याने हसलं नाही.

तन्वीने काडीने चुना हळदीत कालवला. रंग गडद लाल झाला. लिंबू पिळलं, पिवळा. सर उठून पुढे आले.

"एक बार और दिखाओ," ते तन्वीला म्हणाले. मला माझ्या पोरांचा फार अभिमान वाटला.

पीरियड वाचला. छाती ठोकण्याआधी घरी एक लिंबू खर्च करून पाहावं, एवढं मी शिकले. डबी सरांनी टीचिंग एड म्हणून लॅबला देऊन टाकली. तेव्हापासून दुपारच्या जेवणानंतर ते न चुकता लॅबच्या इन्स्पेक्शनला येतात.