उन्हात ठेवलेली रेकॉर्ड

एका बेसवादकाच्या चार रेकॉर्डी माझ्याकडे आहेत. अख्ख्या धुळ्यात दुसऱ्या कुणाकडे एकही असेल असं मला वाटत नाही, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही. माणूस अमेरिकेतला. वाजवतो बेस गिटार, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची. जाझवाले त्याला फंकचा म्हणतात, फंकवाले जाझचा, आणि तो दोघांचं ऐकून घेऊन आपल्याच वाटेने जातो. साक्रीकडच्या आमच्या गावात एकाच लग्नात फुंकून वाजवायची पावरी, बँजो पार्टी आणि डीजे ऐकत मोठा झालेल्याला त्यात अवघड काही नाही. गाणी मोबाइलवरही मिळतात. पण तो प्रत्येक नवं काम रेकॉर्डवर काढतो, मोजक्याच प्रती, आणि रेकॉर्डीवर बेस जसा छातीला लागतो तसा मोबाइलवर लागत नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. नोकरी धुळ्यात, आई माझ्यासोबत. जळगाव-धुळ्याचे आम्ही पाचसहा जण महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कुणाच्या तरी घरी जमतो आणि रेकॉर्डी ऐकतो. बाकीच्यांना रेकॉर्डी वडिलांकडून आलेल्या. कुणाचे वडील डॉक्टर, कुणाचे वकील. त्या वैशाखात पहिल्यांदाच बैठक माझ्या घरी ठरली. त्या बेसवादकाची नवी रेकॉर्ड त्याच आठवड्यात येणार होती, म्हणून आग्रह मीच धरला होता.

पार्सल गुरुवारी आलं तेव्हा मी कामावर होतो. आईने खोकं उघडलं, तर पुठ्ठ्याला ओलसर वास. आमच्याकडे बाहेरून आलेली वस्तू, मग ती डाळ असो, गोधडी असो की माझी कॉलेजची पुस्तकं, आधी उन्हात जाते आणि मग घरात. गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाड पापड, वाळत होतेच. त्यांच्या शेजारी, धुतलेल्या साडीवर, तिने रेकॉर्ड कव्हरातून काढून नीट मांडली. कावळ्याने चोच मारू नये म्हणून वर जाळीही घातली.

संध्याकाळी मी घरी आलो तर रेकॉर्डीची कड परातीसारखी वर आलेली.

"ऊन दखाडं," आई अहिराणीत म्हणाली. "बठ्ठासलेच दखाडस." बाहेरून आलेल्या सगळ्यालाच ती ऊन दाखवते.

मी नानांना फोन केला. नाना जळगावचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे. त्यांना सांगितलं, रेकॉर्ड वाकलीय, कुरियरवाल्याने उन्हात टाकली असणार. आईला कुणी हसू नये म्हणून खोटं बोललो, असं त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते मला हसतील याची भीती होती.

वाकलेली रेकॉर्ड दोन काचांमध्ये दाबून, तापवून सरळ करतात, हे मी वाचलेलं होतं. शनिवारी शोकेसच्या दोन काचा काढल्या आणि पुढचं काम आईने हातात घेतलं. बिबड्याची कड उचलायला लागली की ती तो उलटा करते आणि वर पाट ठेवते. तिच्या लेखी हे तसंच होतं. दोन काचांत धरून तिने रेकॉर्ड पुन्हा उन्हात ठेवली, दर थोड्या वेळाने काचेला तळहात लावून पाहिला, आणि मग सावलीत आणून वर मसाला वाटायचा पाटा ठेवला. मला लगेच काच उचलून बघायची घाई.

"गरम शे, हात नको लावू," ती म्हणाली. "थंडं व्हऊ दे."

पहिल्या खेपेला अर्धंच काम झालं. दुसऱ्या खेपेला कडेला बोटभर लाट तेवढी राहिली.

रविवारी सगळे आले. मी सुई ठेवली. सुई वर जायची, खाली यायची, पण खाच सोडत नव्हती. मग बेस आला. गल्लीतल्या भाजीवाल्याची हाळी त्याखाली दबली. इतक्या चांगल्या बैठका आमच्यात फार झालेल्या नाहीत.

बाजू संपल्यावर नानांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. कुरियरवाल्याविरुद्धची तक्रार, टाइप करून आणलेली. म्हणाले, बाकी सगळं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा, असल्या माणसाला कामावर ठेवतातच कशाला. बाकीच्यांनीही माना हलवल्या. एकाने मला पेन दिलं. हा कुरियरवाला रोज दुपारी मोटारसायकल सावलीत लावून आमच्या दारात पाणी पितो. आई तेव्हाच ताक घेऊन दारात आली होती.

मी पेन खाली ठेवलं.

"नाना, त्याचा काही संबंध नाही. रेकॉर्ड आईने बिबड्यांशेजारी उन्हात ठेवली होती. मी तुमच्याशी खोटं बोललो."

एक जण हसलाच. नाना हसले नाहीत. त्यांनी चष्मा चढवून माझ्याकडे पाहिलं. आईने ताकाचे पेले मांडले.

"ठेवं बी मीच, नीट बी मीच करं," ती म्हणाली.

नाना उठले. रेकॉर्डीच्या कडेजवळ डोळा नेऊन त्यांनी ती आडवी पाहिली. मग तक्रारीचा कागद आपल्या पेल्याखाली ठेवला. बैठकीत आजवर पुस्तकी मराठीच बोलणारे नाना आईला अहिराणीत म्हणाले, "अक्का, मनाकडे बी दोन वाकेल शेतस." वाकलेल्या दोन रेकॉर्डी त्यांच्याकडेही होत्या.

"याच आठवडामा लई या," आई म्हणाली, आणि कडक ऊन अजून किती दिवस टिकेल याचा अंदाज घ्यायला दारातून दिसणाऱ्या आभाळाकडे तिने एकदा पाहून घेतलं.

नाना त्या घेऊन बुधवारी येतो म्हणाले. मी रेकॉर्ड उलटवून दुसरी बाजू लावली.