बिनखिळ्याची भिंत

अगं वीणा, फोन जरा जवळ धर आणि ऐक. मी पाठवलेली दिनदर्शिका अजून गुंडाळलेलीच? चार वर्षं त्या देशात नोकरी करतेस आणि भिंतीला एक खिळा नाही! म्हणे, "आई, परवाना वाढवून मिळाला नाही तर घर सोडावं लागेल, कशाला ठोकू?" काम त्यांना तुझं रोज हवं, राहायची परवानगी मात्र दरवर्षी नव्याने मागायची. दारात आलेल्या पोस्टमनलाही आपण "बसा" म्हणतो गं. आणि कागद अडकलाय तोवर तिथून निघालीस, तर परत आत घेणार नाहीत! इथे बाबा अंथरुणावरून रोज विचारतात, "वीणाचं काय ठरलं?" मी रोज खोटं बोलते. कागद आला तर ये. नाही आला तरी ये, पण लवकर ये.