पिवळं कमी पडलेला अंक

मास्तर,

पत्र लिहायची वेळ आपल्यावर कधी आलीच नाही. तुम्ही खाली मशीनवर, मी वर टेबलाशी. जिन्यात तोंड घालून हाक मारली की काम भागायचं. आता हाक पोचत नाही, म्हणून लिहिते. आपल्याबद्दल कुणी तोंडावर बोललेलं तुम्हाला खपायचं नाही, तेव्हा तुम्ही खोलीत नाही असं समजून सांगते. यातली संपादकबाई म्हणजे मीच. तिला मी सांभाळून घेणार नाही.

तर मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. छापखान्यात ते रंग जुळवायचे आणि रंगाच्या बाबतीत ब्रह्मदेवाचंही ऐकायचे नाहीत, म्हणून मास्तर. जिवंत चित्रकारांबद्दल कुणी दोन ओळी लिहीत नव्हतं, त्या काळात संपादकबाईने दोन कॉलेजमित्रांना हाताशी धरून चित्रकलेचं त्रैमासिक काढलं. लोखंडी सामानाच्या दुकानामागे वर दोन खोल्या, खाली छापखाना. पहिले अंक काळेपांढरे. रंगीत चित्र एकच. ते वेगळं छापून प्रत्येक अंकात डिंकाने चिकटवायचं. दोन दोन दिवस सगळे मांडी घालून चिकटवत बसायचे आणि घरी जाताना बोटं एकमेकांना चिकटलेली असायची. पुढे चार रंगांचं मशीन आलं. मित्रांपैकी एक जाहिरातीत गेला, एक परदेशात. उरले बाई आणि मास्तर.

मास्तरांचा एक हट्ट होता. चित्राच्या फोटोवरून ते रंग जुळवायचे नाहीत. प्रूफ वाळलं की गुंडाळून काखेत मारायचं आणि थेट चित्रकाराचं घर गाठायचं. चित्र खिडकीशी आणायला लावायचं, प्रूफ त्याला खेटून धरायचं आणि बरोबर अकरा वाजता बघायचं. "दहाचा उजेड लाड करतो, बाराचा डोळे वटारतो," म्हणायचे, "अकराचा खरं बोलतो." आभाळ आलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा. अंक रखडायचा.

"अहो, लोक अंक वाचतात की चित्राशेजारी धरून बघतात?" बाई करवादायची.

"धरून बघणारा एक जरी निघाला, तर?"

मास्तरांच्या घरी चहाला गेलं की त्यांची बायको सांगायची, "भाजी करपली तर हे करपली म्हणत नाहीत. काळं जरा जास्त झालंय म्हणतात." मास्तर बशीतून मान वर न करता म्हणायचे, "झालंच होतं."

असे ऐंशीच्या वर अंक निघाले. होता होता अशी गत झाली की स्वतःच्या डोळ्यावर कुणाचाच भरवसा उरला नाही. चित्रकार स्वतःच्या चित्रासमोर उभा राहून विचारायचा, "मास्तर, बरोबर आहे ना?"

साठी उलटल्यावर मास्तर कागदवाल्याशी भांडू लागले. कागद पिवळट येतो म्हणून दोनदा परत पाठवला. घरच्या नव्याने रंगवलेल्या भिंतीही त्यांना कळकट दिसायला लागल्या. डोळ्यांची शंका कुणालाच आली नाही, कारण शंका घ्यायची ती मास्तरांच्या डोळ्यांची? मोतीबिंदू पाऊल न वाजवता येतो आणि दिसेल त्यावर पिवळट पडदा ओढतो.

त्याच सुमारास एका म्हाताऱ्या चित्रकारावर विशेषांक ठरला. त्यांनी चाळीस वर्षं रिकाम्या खोल्याच रंगवल्या, सगळ्या राखाडी. पण तो राखाडी गार नव्हता. खाली मातकट पिवळा असायचा; ऊन हलून थोडा वेळ झाला तरी भिंत ऊबदार असावी, तसा. म्हातारे परगावच्या इस्पितळात, घराला कुलूप, किल्ली त्यांच्या उशाशी बसलेल्या बहिणीकडे. ती चार दिवसांनी कपडे न्यायला येणार होती.

"चार दिवस थांबू," मास्तर म्हणाले.

"थांबलो तर अंक त्यांच्या हातात पडायचा नाही," बाई म्हणाली. "आणि तुम्हाला काय बघायचंय? ती चित्रं पाठ आहेत तुम्हाला."

मास्तर म्हणाले, "पाठ तर आहेत."

हयातीत पहिल्यांदा त्यांनी आठवणीवर रंग जुळवले. प्रूफ त्यांना पिवळं दिसलं. "पिवळं कमी करा." पुन्हा काढलं, पुन्हा पिवळं. "अजून कमी." मशीनवाल्याने बाईकडे बघितलं. खोल्या निळसर पडल्यात हे बाईलाही दिसत होतं, चांगलं दिसत होतं. "मास्तर म्हणतात ना," ती म्हणाली. अंक छापला गेला.

अंक पोचायच्या आदल्या दिवशी म्हातारे गेले. अंकाचं मात्र भरभरून कौतुक झालं. शेवटी शेवटी चित्रकाराला निळं दिसू लागलं होतं, असं लोकांनी लिहिलं. मुलं वर्गात निळ्या खोल्या रंगवू लागली.

आठ महिन्यांनी मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. जरा उघड्या डोळ्यांनी वावरता यायला लागल्यावर ते जिना चढून वर आले आणि विशेषांक टेबलावर ठेवला.

"बाई, हे निळं कुणी घातलं?"

"घातलं कुणी नाही. तुम्ही पिवळं काढलंत."

मास्तर खुर्चीत बसले. "तुम्हाला दिसत होतं?"

बाई पेन्सिली सारख्या करत राहिली. "मला वाटलं, तुम्हाला जास्त दिसतं."

"दुरुस्ती छापा. चूक माझी, नावही माझं घाला." खिशातून त्यांनी चार ओळींचा कागद काढला. लिहूनच आणला होता.

"छापते," बाई म्हणाली. पण पुढच्या अंकात त्याच निळ्यावर एका प्राध्यापकाचा आठ पानी लेख जुळून तयार होता. तिने कागद खणात टाकला. पुढच्या अंकात बघू. असे आणखी दोन पुढचे अंक निघाले, वाचनालयांनी एकेक करून अंक बंद केला आणि त्रैमासिक मिटलं. खण तेवढा राहिला.

दरम्यान म्हाताऱ्यांची चित्रं बहिणीच्या तळमजल्यावर आली. गटार तुंबून पाणी घरात शिरलं, कापडांना बुरशी धरली, फेकून द्यावी लागली. कपाटावर ठेवलेलं एकच वाचलं. आता पुस्तकवाले चित्रं घेतात ती आमच्या अंकातून. ते एक सोडलं, तर एका माणसाची चाळीस वर्षं या जगात फक्त चुकीच्या रंगात शिल्लक आहेत.

मास्तर महिन्यातून एकदा यायचे. "ते एक आहे तोवर जाऊन येऊ. शेजारी अंक धरू, फोटो काढू. छापणारा कुणीतरी भेटेल."

"जाऊ की." आधी मास्तरांचा गुडघा आड आला, मग थंडी, मग बाईकडे पाहुणे. पाहुणे दोन दिवसांत गेले होते, हे तिने सांगितलं नाही. मग मास्तर यायचे थांबले आणि त्यांच्या मुलीचा फोन आला.

मास्तर, बहिणीचं घर इथून वीस मिनिटांवर आहे. अंक पिशवीत आहे, तुमच्या चार ओळीही आहेत. गेल्या महिन्यात तिने कळवलं की घर सोडतेय, चित्र बघायचं तर सोमवारपर्यंत या. सोमवारी अकराला येते, असं मी म्हणाले. आभाळ स्वच्छ होतं. साडेदहाला चपला घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसले. चित्राशेजारी अंक धरला असता, बघितलं असतं. पण बरोबर की चूक हे मी कुणाला विचारणार होते? बारा वाजून गेल्यावर चपला काढल्या आणि पिशवी परत खुंटीला अडकवली.